निलोफर तडवी नक्की कुठे आहे?

निलोफर तडवीचा रजेचा अर्ज तृप्ती बोरकुटेच्या टेबलावर आला, तेव्हा त्यावर लाल पट्टी आधीच लागलेली होती. लाल पट्टी म्हणजे संशय. अर्जदार जिथे राहतो म्हणतो तिथे तो खरोखर राहतो की नाही हे तपासल्याशिवाय अर्ज पुढे सरकणार नाही, असा तिचा अर्थ.

तृप्तीला अशा अर्जांचं नवल राहिलं नव्हतं. नागपूरला मिहानमध्ये ‘अनुबंध वेतनसेवा’ या कंपनीत तिला नऊ वर्षं झाली होती. कंपनीचं काम सांगायला सोपं आणि करायला किचकट होतं. डेन्मार्कमधल्या एखाद्या कंपनीला पोर्तुगालमध्ये राहणारा माणूस कामाला हवा असला, तर तिने तिथे कार्यालय थाटायची गरज नव्हती. कागदोपत्री त्या माणसाला ‘अनुबंध’ नोकरीवर ठेवायची, त्याचा पगार तिथल्या कायद्याप्रमाणे द्यायची, रजा, विमा, निवृत्ती सगळं सांभाळायची. साठेक देशांत पसरलेली वीस हजार माणसं अशी तिच्या पटावर होती. त्यातल्या बहुतेकांनी नागपूर नकाशावरही पाहिलेलं नव्हतं.

सगळा डोलारा एकाच प्रश्नावर उभा होता. काम करताना माणसाचं शरीर कुठे असतं? जिथे शरीर, तिथला कायदा. आजारपणाची रजा तिथली, बाळंतपणाची तिथली, नोकरीवरून काढायचे नियमही तिथलेच. आणि माणसं याच प्रश्नाला खोटं उत्तर देत. कराचा त्रास नको म्हणून एका देशात राहायचं आणि पत्ता दुसऱ्या देशातला द्यायचा, हे सर्रास चाले. संगणकाचा ठावठिकाणा बदलून देणारी सोय तर कुणालाही मिळत असे. शेवटी चार वर्षांपूर्वी बऱ्याच देशांनी मिळून स्थान-करार केला. माणूस तिथेच आहे याचा भौतिक पुरावा असेल, तरच तिथल्या कायद्याचं ओझं मालकावर पडेल, असं त्यात ठरलं. नुसता पत्ता किंवा भाडेकरार आता पुरेसा नव्हता.

तो भौतिक पुरावा देणारं यंत्र तृप्तीच्या नवऱ्याने तयार केलं होतं. निशिकांतने त्याचं नाव ठेवलं होतं ‘गुंजन’.

लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी, जेवणाच्या टेबलावर बसून त्याने तिला ते समजावलं होतं. आपल्या घरातली वीज सेकंदाला पन्नास वेळा हेलकावे खाते, असं आपण शाळेत शिकतो. पण नेमके पन्नास कधीच नसतात. एका मोठ्या वीजजाळ्यावरची सगळी जनित्रं लेझीमच्या पथकासारखी एका तालात फिरतात. संध्याकाळी लाखो घरांत दिवे लागले की साऱ्या पथकाचा ताल केसभर मंदावतो. रात्री मागणी उतरली की केसभर वाढतो. कधी एकोणपन्नास दशांश अठ्ठ्याण्णव, कधी पन्नास दशांश शून्य तीन. ही थरथर एका जाळ्यावरच्या प्रत्येक खटक्यात त्या सेकंदाला सारखीच असते. लिस्बनमध्ये जी, तीच वॉर्सामध्ये. पण दुसऱ्या जाळ्यावर ती तशी नसते, आणि पुन्हा कधी जशीच्या तशी येतही नाही. पंखा, फ्रिज, दिवे, सगळे याच सुरात अगदी बारीक गुणगुणतात. आपल्या कानाला ते जाणवत नाही. फोनच्या माइकला जाणवतं. एरवी फोन ती गुणगुण गाळून टाकतो. गुंजन गाळण्याआधीचा आवाज पकडायचं, आणि जगातल्या प्रत्येक जाळ्याच्या सेकंदासेकंदाच्या नोंदीशी ताडून सांगायचं की हा माणूस अमुक जाळ्यावरच्या घरात बसून बोलतोय.

“माणूस खोटं बोलेल,” निशिकांत म्हणाला होता, “त्याचा फ्रिज नाही बोलणार.”

ते वाक्य पुढे कंपनीच्या माहितीपत्रकात छापून आलं. त्याला स्वतंत्र प्रयोगशाळा मिळाली, हाताखाली सहा जण मिळाले. त्याआधी बारा वर्षं तो दुसऱ्यांच्या यंत्रांची दुरुस्ती करत होता. तृप्तीला त्याचा अभिमान वाटायचा, आणि स्थान-पडताळणी विभागाची प्रमुख म्हणून ती त्याच्याच यंत्राच्या निकालाखाली सही करायची, याचंही तिला बरं वाटायचं.

निलोफर तडवी मूळची यावलची. वय एक्केचाळीस. जळगावला शिकून ती स्थापत्य अभियंता झाली होती आणि एका डॅनिश कंपनीसाठी पुलांचे नकाशे तपासायचं काम घरून करत होती. पोर्तुगालमधल्या एव्होरा गावात ती नवऱ्यासोबत राहते, असं फाइल सांगत होती. नवरा इरफान तिथल्या बुचाच्या कारखान्यात होता. सातवा महिना चालू होता. याआधी दोनदा गर्भ टिकला नव्हता, म्हणून डॉक्टरांनी या खेपेला पूर्ण विश्रांती सांगितली होती. पोर्तुगालच्या कायद्याप्रमाणे तिला रजा मिळणार होती आणि तोवर कुणी तिला कामावरून काढू शकत नव्हतं.

पण लाल पट्टीचा संशय वेगळा होता. अटलांटिकमध्ये सांता ओरेलिया नावाचं एक बेट होतं, मुक्त क्षेत्र. तिथे कर नव्हता, रजेचा कायदाही नव्हता. एका ईमेलवर माणसाला काढता येई. घरून काम करणारी हजारो माणसं पत्ता मुख्य भूमीवरचा ठेवून बेटावर मजेत राहत, आणि आजारी पडली की त्यांना मुख्य भूमीवरचा कायदा आठवे. निदान कार्यालयात तसं सांगितलं जायचं. तपासणी रजेच्या अर्जाच्या वेळीच का करायची, असं कुणी विचारलं तर तृप्तीच्या वरच्या अधिकारी घाटोळे मॅडम म्हणत की माणूस खोटं बोलतो ते गरज पडल्यावरच.

सोमवारी दुपारी तृप्तीने निलोफरला फोन लावला. पडद्यावर उशीला टेकलेली, गोल चेहऱ्याची बाई दिसली. मागे बंद खिडकी आणि जाड पडदा. तृप्तीने ते टिपून घेतलं. लपवायचं नसेल तर माणूस पडदा कशाला लावेल?

“पडूनच बोलते, ताई, राग मानू नका,” निलोफर म्हणाली. समोर मराठी माणूस आहे हे कळल्यावर तिचा चेहरा उजळला होता. “इथे ऊन फार. दिवसा सगळं बंद करून बसतो आम्ही. यावललाही तसंच करायचो.”

तृप्तीने तिला सरावाचे प्रश्न विचारले. घर कधी घेतलं, जवळचा दवाखाना कोणता, गेल्या सहा महिन्यांत गावाबाहेर किती दिवस गेली. निलोफर बेटावर एकदाही गेली नव्हती म्हणे. उत्तरं इतकी चटकन येत होती की तृप्तीला ती पाठ केल्यासारखी वाटली. मध्येच चित्र काळवंडलं. निलोफरच्या डोक्यावरचा पंखा घरघरत थांबला.

“लाइट गेली, ताई. गल्लीतलं काम चालू आहे, आठवडाभर असंच होतंय. थांबा, पडदा सारते.” पडदा सरकला. पलीकडे चुन्याने रंगवलेली पांढरी भिंत होती. तशी भिंत जगात कुठेही असू शकते. सहाएक मिनिटं त्या अर्धवट उजेडातच बोलणं झालं, मग वीज आली आणि पंखा पुन्हा फिरू लागला. फोन ठेवताना निलोफरने विचारलं, काही अडचण नाही ना? तृप्तीने नेहमीचं उत्तर दिलं की निकाल यंत्र देईल.

मंगळवारी सकाळी निकाल आला. सांता ओरेलिया. जुळणी सत्त्याण्णव टक्के. बेटाचं जाळं एवढंसं असल्यामुळे तिथली थरथर मोठी असे, लाटेवरच्या होडीसारखी. आलेखात ती चुकूच शकत नव्हती.

तृप्तीला राग आला. निकाल असे रोजच येत, पण या बाईने यावलचं नाव काढून तिला जिंकायचा प्रयत्न केला होता. पोर्तुगालच्या कामगार कार्यालयाला शुक्रवारपर्यंत प्रमाणपत्र हवं होतं. तृप्तीने ते, सही तेवढी बाकी ठेवून, तयार केलं. निलोफर तडवी एव्होऱ्यात राहत नाही. म्हणजे रजा नाही, आणि खोटी माहिती दिल्याबद्दल नोकरीही नाही.

प्रमाणपत्राला संभाषणाचा एक तुकडा जोडावा लागे. बुधवारी दुपारी जेवण उरकून ती तुकडा निवडायला बसली. पडद्यावर वर चित्र होतं आणि खाली गुंजनचा हिरवा आलेख. तो बेटाच्या तालात डुलत होता. निलोफर म्हणाली, “लाइट गेली, ताई.” पंखा थांबला.

हिरवी रेघ डुलतच राहिली.

तृप्तीने तो भाग पुन्हा लावला. मग आणखी एकदा. घरात वीज नव्हती. पंखा बंद, फ्रिज बंद, दिवे बंद. बाई फोनच्या बॅटरीवर बोलत होती. तिथे गुणगुणायला काही उरलंच नव्हतं. रेघ सपाट व्हायला हवी होती. आणि ती सहा मिनिटं न अडखळता चालली होती, जणू त्या घरात काही घडलंच नाही.

तृप्तीचा पहिला संशय अजूनही निलोफरवरच गेला. सवयच तशी लागली होती. काही लबाड लोक गुंजनला फसवायला नकली गुणगुण वाजवणारी छोटी डबी फोनशेजारी ठेवत. तशा तीन केसेस तिने स्वतः पकडल्या होत्या. तिने कागदावर लिहिलं, ‘नकली आवाज?’ आणि पेन तिथेच थांबलं. नकली आवाज वाजवायचाच होता तर तिने पोर्तुगालचा वाजवला असता. बेटाचा वाजवून तिला काय मिळणार होतं?

निलोफर बेटावर असल्याचं कुणाला हवं होतं, हा प्रश्न उरला. त्याचं उत्तर कुठल्या दिशेला आहे हे कळायला तृप्तीला फार वेळ लागला नाही, पण ते मान्य करायला संध्याकाळ झाली.

तिने मागच्या चौदा महिन्यांच्या लाल फाइली काढल्या. सांता ओरेलियाचा निकाल आलेल्या चाळीस. चाळीसही निकालांवर तिची सही. कुणाला मूत्रपिंडाचे उपचार चालू होते, कुणी बाळंतपणाच्या रजेवर निघाली होती, एकाची निवृत्तिवेतनाला पात्र व्हायची वर्षं दीड महिन्यात पुरी होणार होती. निकाल बेटाचा आला की हा सगळा खर्च ‘अनुबंध’चा वाचत होता. तपासणी रजा मागणाऱ्यांचीच होते, म्हणून फाइलीत आजारी माणसंच असणार, असं ती स्वतःला समजावू शकली असती. इतके दिवस तिने तेच केलं होतं.

घरी जेवताना तिने निशिकांतला सहज विचारावं तसं विचारलं की तपासणी चालू असताना घरातली वीज गेली तर गुंजन काय दाखवतं.

“काहीच नाही. सपाट रेघ,” तो पोळी मोडत म्हणाला. मग हात थांबला. “का गं?”

एकाने असं विचारलं, असं ती म्हणाली. कुणी, ते त्याने विचारलं नाही. एरवी गुंजनचा विषय निघाला की तो अर्धा तास बोलत असे. आज तो उठला, ताट घेऊन बेसिनपाशी गेला आणि बराच वेळ नळ चालू ठेवून उभा राहिला. तृप्ती त्याच्या पाठीकडे बघत राहिली. एकोणीस वर्षांच्या संसारात त्या पाठीवर तिने पहिल्यांदाच संशय घेतला होता, आणि तो किती सहज घेता आला याचं तिला वाईट वाटलं.

गुरुवारी तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली. निशिकांत प्रयोगशाळेत होता. त्याने सगळ्यात आधी बनवलेली गुंजनची पेटी घरात माळ्यावर होती. ती कंपनीच्या यंत्रणेशी जोडलेली नव्हती. जगभरातल्या जाळ्यांच्या नोंदी मात्र ती सार्वजनिक साठ्यावरून स्वतः उतरवून घेऊ शकत होती. तृप्तीने पेटी पुसून सुरू केली आणि आपल्या खासगी फोनवरून निलोफरला संदेश पाठवला. फोनची आवाज गाळायची सोय बंद करा, फ्रिजजवळ फोन ठेवून दोन मिनिटं काहीही बोलून पाठवा, थेट माझ्या नंबरवर, कंपनीच्या वाटेने नको, असं त्यात लिहिलं.

उलट निलोफरचा फोनच आला.

“ताई, तुम्ही मला अजून खोटी समजता?”

“कालपर्यंत समजत होते,” तृप्ती म्हणाली.

 निलोफरने विचारलं की आज काय बदललं. तृप्तीने ते सांगितलं नाही. अजून तिलाच पुरतं माहीत नव्हतं. निलोफर म्हणाली की डॉक्टरांनी पायऱ्या चढू नको, काळजी करू नको असं बजावलंय, आणि गेले तीन दिवस ती दुसरं काही करतच नाहीये. पण तिने आवाज पाठवला. त्यात ती यावलच्या केळीच्या बागांबद्दल बोलली, इरफानने कशी भाजी करपवली ते सांगितलं, आणि दोन मिनिटं संपता संपता म्हणाली, “आता पुरे ना, ताई? मला दम लागतोय.”

पेटीने नोंदी ताडून बघायला चार मिनिटं घेतली. युरोपचं मुख्य जाळं. जुळणी नव्याण्णव टक्के.

निशिकांत साडेसहाला घरी आला तेव्हा पेटी जेवणाच्या टेबलावर होती. ती बघून त्याने चपलाही काढल्या नाहीत, तसाच खुर्चीवर बसला. तृप्तीने त्याला सगळं सांगितलं. त्याने मध्ये एकदाही ‘असं होणार नाही’ म्हटलं नाही, हे तिच्या लक्षात आलं.

पेटी स्वतःकडे ओढून घेत तो बोलू लागला. कुलूप बनवणाऱ्याला खोटी किल्लीही बनवून बघावी लागते, म्हणाला. गुंजनला फसवता येतं का हे तपासायला त्याने दुसऱ्या वर्षी एक प्रणाली लिहिली होती. ती ध्वनिमुद्रणातली मूळ गुणगुण खरवडून काढायची आणि त्या जागी दुसऱ्या जाळ्याची, त्याच वेळेची गुणगुण बसवायची. आंब्याला कलम करतात तसं. तिचं नाव त्याने ‘कलम’च ठेवलं होतं. चाचण्या संपल्यावर कंपनीने तिची प्रत मागून घेतली. ती आता आलेल्या फोनवर, पडताळणीच्या आधी, मधल्या सर्व्हरवर बसवली असावी. वीज गेली तर कलम थांबवायचं, हे त्याने त्यात लिहिलं नव्हतं. चाचणीच्या वेळी वीज कधी गेली नव्हती.

“तुला माहीत होतं?” तृप्तीने विचारलं.

“प्रत दिली एवढं माहीत होतं. पुढे तिचं काय केलं ते मी विचारलं नाही.” तो तिच्याकडे न बघता म्हणाला. “शंका आली असेल कधी. माहीत नव्हतं.”

तिने त्यावर अर्धाच विश्वास ठेवला.

“उद्या तू हे लिहून दिलंस तर पहिलं नाव माझं येईल,” तो म्हणाला.

“आणि दुसरं माझं. चाळीस सह्या आहेत.”

त्याने तिला थांब असं म्हटलं नाही. लिही असंही म्हटलं नाही. 

शुक्रवारी सकाळी घाटोळे मॅडमनी तिला स्वतःहून बोलावून घेतलं. मॅडम साठीच्या आसपासच्या, आवाज न चढवता बोलणाऱ्या. तृप्तीला या विभागात त्यांनीच आणलं होतं, तिच्या वडिलांच्या आजारपणात दोन महिने तिचं काम त्यांनी स्वतः उचललं होतं. तृप्तीने ती सहा मिनिटं तीनदा लावून बघितली, हे यंत्रणेत उमटलं होतं. त्यांनी चहा मागवला आणि सांगितलं की तडवीच्या केसमध्ये यंत्राकडून चूक झालेली दिसते. अशी एखादी होते. लाल पट्टी आपण काढून टाकू. तिला रजा मिळेल, बाळंतपण नीट होईल. तृप्तीने काही लिहून द्यायची गरज नाही, जुनं प्रमाणपत्र फाडून टाकलं की झालं.

तृप्तीला क्षणभर खरंच सुटल्यासारखं वाटलं. निलोफर वाचणार होती. निशिकांतही वाचणार होता. कप हातात घेऊन ती म्हणाली, “आणि बाकीचे चाळीस?”

मॅडमनी तिच्याकडे शांतपणे पाहिलं.

“बाकीच्यांच्या घरची लाइट गेली नव्हती, तृप्ती.”

चहा तसाच ठेवून ती जागेवर आली. जुनं प्रमाणपत्र तिने फाडलं नाही. त्याच्या पाठीमागे नवं जोडलं. त्यात तिने लिहिलं की निलोफर तडवीचं घर युरोपच्या मुख्य जाळ्यावर आहे, ‘अनुबंध’चा निकाल बनावट आहे, आणि याच पद्धतीने दिलेल्या आणखी चाळीस निकालांवर आपली सही आहे. सोबत ती सहा मिनिटं जोडली. निलोफरने पाठवलेला आवाज आणि जुन्या पेटीचा निकालही जोडला. कलम कुणी लिहिलं ते एका ओळीत नावासकट लिहिलं. ती ओळ तिने दोनदा खोडली आणि तिसऱ्यांदा ठेवली. मग ते पोर्तुगालच्या कामगार कार्यालयाला, दिल्लीच्या स्थान-करार कक्षाला आणि निलोफरला पाठवून दिलं. दुपारी दोनला तिचं ओळखपत्र दारावर चालेनासं झालं. सुरक्षारक्षकाने तिची पर्स आणून दिली आणि डबा राहिला म्हणून पुन्हा आत जाऊन तोही आणला.

पुढचे तीन महिने चौकशीत गेले. निलोफरची रजा मंजूर झाली. सप्टेंबरात तिला मुलगी झाली, दिवस भरायच्या तीन आठवडे आधी, पण धडधाकट. फोटो इरफानने पाठवला. निलोफरने स्वतः तृप्तीला एकच ओळ लिहिली. तुमचे उपकार मानावे की तुमचा राग धरावा, ते अजून ठरत नाही, असं तिने लिहिलं होतं. तृप्तीला ती ओळ रास्त वाटली.

घरात दोघं एकमेकांना न दुखावता वावरत होती. तृप्ती घरी होती. निशिकांतची प्रयोगशाळा सील झाली होती आणि तो वकिलाकडे जात-येत होता. तो बाहेरून आला की खरंच वकिलाकडे गेला होता का, घाटोळे मॅडमना तर भेटला नाही ना, असा प्रश्न तिच्या मनात येई. त्याने सांगितलेल्या वेळा ती मनातल्या मनात जुळवून बघे. वकील त्याला सगळं कंपनीवर ढकलायला सांगत असणार याबद्दल तिची खात्री होती. प्रत दिली, पुढचं ठाऊक नाही. एवढ्यावर तो सुटू शकत होता.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात चौकशी समितीपुढे दोन दिवस त्याची साक्ष झाली. तृप्ती तक्रारदार असल्यामुळे साक्षीची प्रत तिला पोस्टाने आली. सकाळची अकराची वेळ होती. निशिकांत आत कपड्यांच्या घड्या घालत होता. तिने पाकीट उभ्याउभ्याच फोडलं.

त्याने कंपनीवर काहीच ढकललं नव्हतं. कलम कसं चालतं, कुठल्या सर्व्हरवर बसवलं, त्याच्या खुणा कशा ओळखायच्या, हे त्याने इतकं तपशीलवार सांगितलं होतं की आता कुठलंही जुनं ध्वनिमुद्रण कुणालाही तपासता आलं असतं. चौथ्या पानावर समितीने विचारलं होतं की गैरवापराची कल्पना तुम्हाला कधी आली. त्याखाली त्याचं उत्तर होतं.

‘प्रत दिल्यानंतर तिसऱ्या महिन्यात. बेटाच्या जुळण्या अचानक वाढल्या होत्या. मी एक ध्वनिमुद्रण काढून तपासलं, त्यात माझ्याच कलमाची खूण सापडली. म्हणजे मला माहीत होतं. मी अकरा महिने गप्प बसलो. त्या निकालांवर माझी पत्नी सही करत होती.’

तृप्तीने ते वाचलं, आणि आत जाऊन कागद त्याच्यासमोर धरला.

“मला शंका म्हणालास. इथे माहीत होतं लिहिलंयस.”

त्याने हातातला शर्ट पलंगावर ठेवला. “त्यांनी शपथ घ्यायला लावली,” तो म्हणाला. “तू लावली नव्हतीस.”

ती दारातच उभी राहिली. अकरा महिने. रोज संध्याकाळी ती घरी येऊन त्या फाइलींबद्दल बोलली होती. उपचार अर्ध्यावर सोडावे लागलेल्या माणसाचा आवाज कसा होता ते तिने याच खोलीत त्याला सांगितलं होतं, आणि त्याने ऐकून घेतलं होतं. तिला ओरडावंसं वाटलं, निघून जावंसं वाटलं. पण समितीपुढे सुटायचा रस्ता मोकळा असताना तो त्यावरून चालला नव्हता, हेही त्याच कागदावर होतं. एकाच माणसाच्या या दोन गोष्टी तिला एकत्र बसवता येईनात.

शेवटी ती बाहेरच्या खोलीत गेली आणि कपाटातून चाळीस नावांची यादी काढली. निकाल रद्द झाल्याचं त्यांना सरकारी पत्राने कधीतरी कळलं असतं. पत्रं अजून निघाली नव्हती. तिने यादी टेबलावर ठेवली, शेजारी फोन ठेवला आणि निशिकांतला हाक मारली. तो आला.

“बस,” ती म्हणाली. “फोन मी लावते. त्यांना काय झालं ते मी सांगणार. माझी सही आणि तुझं कलम, दोन्ही. तू काही बोलायचं नाहीस. फक्त ते काय म्हणतात ते सगळं ऐकायचं.”

तो तिच्या समोरच्या खुर्चीकडे निघाला होता, मग तिच्या बाजूची खुर्ची ओढून बसला. पहिलं नाव उपचार थांबलेल्या त्या माणसाचं होतं. तृप्तीने नंबर लावला आणि फोनचा आवाज मोठा केला. सात वेळा रिंग वाजली. निशिकांतने डोळे मिटून घेतले होते.

मग पलीकडे एका बाईने फोन उचलला आणि दमलेल्या आवाजात विचारलं, कोण बोलतंय. तृप्तीने आपलं पूर्ण नाव सांगितलं, आणि पलीकडून फोन ठेवला जाईल म्हणून ती थांबली. फोन ठेवला गेला नाही. ती बाई म्हणाली, बोला, आम्ही दोघंही ऐकतोय.